नऊ गावांचा होकार

एकदा एका डोंगरी परगण्यात एक हुशार शिष्य होता, आणि हुशार माणसांचे पुष्कळदा होते तेच त्याचेही झाले. त्याला त्याचे काम फार लवकर जमले.

त्याचे नाव त्र्यंबक. जमिनीचा उतार ओळखणे, पाण्याची वाट धरणे, कोणत्या गावाला काय आणि कुठे बांधावे याचा आराखडा करणे, ही विद्या तो एका वृद्ध गुरुजींकडे शिकत होता. संस्थानाच्या चार परगण्यांतल्या विहिरी, घाटवाटा आणि बाजारतळ या गुरुजींच्या हातून आखले गेले होते. ते बोलत कमी. समोरचा फार बोलू लागला की ते सूप पुढे ओढून चिंच फोडायला बसत. मग बोलणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

त्या वर्षी दिवाणांची आज्ञा आली. ओढ्याच्या खोऱ्यातल्या नऊ गावांसाठी राज्य एक काम करून देईल. एकच काम, पण त्याला नऊही गावांची संमती हवी. संमती आणून आराखडा करायचे काम गुरुजींनी त्र्यंबकावर सोपवले. स्वतः गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

त्र्यंबकाने थोरवडीच्या देवळापुढे नऊ गावांची बैठक बोलावली. आता या खोऱ्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. बैठकीच्या जाजमावर प्रत्येक गावाची जागा मानाने ठरलेली असे. पहिला मान थोरवडीचा, दुसरा करंजाळ्याचा, असे करत आठवा हेदवणचा आणि नववा, म्हणजे पार जाजमाच्या काठावरचा, कातळवाडीचा. बोलायचेही त्याच क्रमाने. पहिल्या मानाचे गाव बोलले की दुसऱ्याने म्हणायचे, "थोरवडीचं तेच आमचं." तिसऱ्यानेही तेच म्हणायचे. वेगळे बोलणे म्हणजे भर बैठकीत थोरवडीची पगडी उतरवणे. एका गावाने पूर्वी कधीतरी वेगळे तोंड उघडले होते, तर पुढे तीन वर्षे त्या गावच्या लग्नांत बाकीच्यांनी पानाला हात लावला नव्हता म्हणतात. खरेखोटे देव जाणे, पण तेव्हापासून कुणी वेगळे बोलले नाही हे मात्र खरे.

त्र्यंबक परगावचा. त्याला ही रीत ठाऊक नव्हती, आणि कुणी ती सांगितलीही नाही. रोज दिसते ते सांगायचे असते हे कुणाच्या मनातच येत नाही.

थोरवडीचे रावजी पाटील उठले. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज देवळाच्या शिखरापर्यंत जाणारा. म्हणाले, "वरल्या अंगाला कातळवाडीच्या खोलग्यात बांध घाला आन् मोठा तलाव करा. तिथनं पाट काढून समद्या गावास्नी पाणी द्या. नऊ गावांचं काम हाय, ते नऊ गावांस्नी शोभंल असंच मागाया पायजे."

करंजाळे म्हणाले, "थोरवडीचं तेच आमचं." तिसरे गाव म्हणाले, चौथे म्हणाले. हेदवणही म्हणाले. शेवटी काठावरून कातळवाडीचा धाकू उठला. तलाव झाला की ज्या खोलग्यात पाणी भरणार होते, त्याच खोलग्यात त्याच्या वाडीची बावीस घरे होती. धाकूने एकदा जाजमाकडे पाहिले, एकदा आभाळाकडे, आणि हात जोडून म्हणाला, "थोरवडीचं तेच आमचं."

त्र्यंबकाचा ऊर भरून आला. बुडणारी वाडीसुद्धा हो म्हणते आहे! त्याने कागदावर नऊ गावांचे अंगठे घेतले, आणि कातळवाडीच्या अंगठ्याशेजारी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, 'त्यागाची उज्ज्वल भावना.' मग महिनाभर घरी बसून त्याने बांधाची उंची, पाटाचा उतार, मोऱ्यांच्या जागा असे सगळे काढले. आराखडा खरोखर सुंदर झाला होता.

तो घेऊन तो गुरुजींपुढे उभा राहिला. गुरुजींनी कागद उलगडून अंगठ्यांवरून बोट फिरवले. "सभा किती वेळ चालली?" त्यांनी विचारले.

"न्याहारी करून बसलो, दुपारच्या जेवणाआधी उठलो," त्र्यंबक अभिमानाने म्हणाला.

"भांडण कशावरून झाले?"

"भांडण? गुरुजी, एका शब्दाचे नाही! नऊ गावे, आणि एक मुख."

गुरुजींनी सूप पुढे ओढले. दोन चिंचा फोडल्या. मग सूप बाजूला सारून हलगीवाल्याला हाक मारली आणि त्र्यंबकाच्या देखत त्याला हुकूम दिला, "उद्या सकाळी निघ. नऊही गावांत दवंडी दे. तलाव रद्द झाला आहे, तो होणार नाही."

त्र्यंबकाला आधी वाटले आपण चुकीचे ऐकले. मग वाटले गुरुजींचे वय झाले. "पण का? गुरुजी, आराखड्यात काही चूक आहे का? उतार चुकला का? मी पुन्हा मोजतो."

"उतार बरोबर आहे."

"मग संमती? नऊही अंगठे आहेत! लोक भडकतील. पाटील मला गावात पाऊल ठेवू देणार नाहीत."

"म्हणूनच तू हलगीवाल्याबरोबर जाणार आहेस," गुरुजी म्हणाले. "दवंडी झाली की तिथेच बस. पाणी माग, पी. कुणाला काही विचारू नकोस, कुणाला समजावू नकोस. लोक काय बोलतात तेवढे ऐक, आणि नऊ गावे झाली की मला येऊन सांग. सगळ्यात शेवटी कातळवाडीला जा."

यापलीकडे एक शब्द नाही. त्र्यंबक रागावला, दुखावला, आणि या दोन्हींपेक्षा जास्त गोंधळला. महिनाभर घासलेले काम गुरुजींनी दोन चिंचा फोडायच्या वेळात मोडीत काढले होते, आणि तेही चूक न दाखवता. शिकवायची ही कसली पद्धत? पण गुरुजींचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. सकाळी तो हलगीवाल्यामागून मान खाली घालून चालू लागला.

पहिले लागले हेदवण. चावडीपुढे हलगी कडाडली, हलगीवाल्याने दवंडी दिली, आणि त्र्यंबक शिव्या खायच्या तयारीने पारावर बसला. माणसे जमली. मग एका म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं म्हणा की. आमच्या हिरीला बारमाही पाणी हाय, आमास्नी काय तलाव नगंच हुता. पर करंजाळ्याच्या लोकांस्नी लई वाईट वाटंल हो. त्येंच्यासाठी जीव तुटतोय."

त्र्यंबकाला गंमत वाटली. एक गाव तरी सुटले. आता खरी कसोटी करंजाळ्यात.

करंजाळ्यात दवंडी झाली. तिथल्या कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला दुसरा शब्द नाही, त्याचा जीव भांड्यात पडला होता. "पाटामुळं आमची दोन शेतं मधोमध चिरली असती," तो हळूच म्हणाला. "पर काय करता, हेदवणला पाणी न्हाई म्हणून गप ऱ्हायलो. त्येंस्नी आता कोण वाली?"

"हेदवणला पाणी नाही असे तुम्हाला कुणी सांगितले?" हा प्रश्न त्र्यंबकाच्या अगदी ओठांवर आला होता. पण विचारायचे नाही अशी आज्ञा होती. त्याने पाणी पिऊन तो गिळला.

पुढची पाच गावे अशीच गेली. प्रत्येक गावात आधी सुटकेचा निःश्वास, आणि मग शेजारच्या गावाबद्दल हळहळ. एका गावात तर बायांनी त्र्यंबकाच्या हातावर गूळ ठेवला, आणि गूळ ठेवता ठेवता 'बिचारं पलीकडचं गाव' म्हणून डोळ्यांना पदर लावला. त्या पलीकडच्या गावातून त्र्यंबक नुकताच आला होता. तिथे माणसे पारावर बसून खुशाल हसत होती. त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. सगळ्यांनी मागितलेली वस्तू एकालाही नको होती, आणि ती मिळणार नाही म्हणून सगळे एकमेकांसाठी दुःखी होते. मग ती मागितली कुणी?

थोरवडीने मागितली. त्र्यंबक स्वतःला म्हणाला, निदान तिथे तरी कुणी रागावेल. रागावलेला एक माणूस भेटला असता तर त्याला बरे वाटले असते, इतका तो चक्रावून गेला होता.

रावजी पाटील ओसरीवर बसले होते. दवंडी ऐकून त्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग त्यांनी खांदे सैल सोडले. "आता खालच्या गावांस्नी कसं सांगू मी?" ते म्हणाले. "आमाला वढा हाय. आमचं काय अडलं न्हवतं. पर मानाचं गाव हाय, सोतापुरतं कसं मागायचं? मला वाटलं, खालची गावं तहानलेली असतील, बोलत न्हाईत इतकंच. म्हणून मोठं मागितलं. त्येंच्यासाठी मागितलं."

"आणि कातळवाडी?" या वेळी त्र्यंबकाला राहवलेच नाही. आज्ञा मोडली. "ती तर बुडणार होती."

पाटलांनी त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले. "त्येंनी हो म्हटलं की! तुमच्या म्होरंच म्हटलं. मग मी कोण न्हाई म्हणणार?"

त्र्यंबक उठला, कमरेइतक्या पाण्यातून ओढा ओलांडला आणि कातळवाडीची चढण चढू लागला. एका गोष्टीचे त्याला समाधान होते. आठ गावांत त्याने निरर्थक बातमी दिली असेल, पण या एका गावात ती सुवार्ता ठरणार होती. बावीस घरे वाचली होती. तो भरभर चढला.

वर पोचला आणि थबकला. बावीसपैकी सात घरांना छपरे नव्हती. नुसत्या मातीच्या भिंती उन्हात उभ्या होत्या. वासे, पाट्या, दारे यांची ओझी बांधून ठेवली होती. काही ओझी खालच्या माळावर नेऊन टाकलीही होती. वाडीच्या मधोमध शंभर वर्षांचा एक फणस असायचा. मागच्या महिन्यात जागा बघायला आला तेव्हा त्र्यंबक त्याच्याच सावलीत बसला होता. आता तिथे बुंधा होता, आणि शेजारी फणसाच्या पिवळ्या लाकडाच्या फळ्या रचल्या होत्या. पाण्यात जाणारच आहे, तर निदान नव्या घरांच्या दारांना उपयोगी पडेल, म्हणून तो तोडला होता.

हलगीवाल्याने दवंडी दिली.

धाकूची आई येसाई भिंतीला टेकून उभी होती. पिकलेली, वाकलेली बाई, या वाडीचीच नव्हे तर आसपासच्या कितीतरी घरांची सुईण. ती हळूहळू खाली बसली. "हुनार न्हाई?" तिने विचारले.

"नाही, आजी."

"का रं बाळा? कुणाला नगं झाला?"

त्र्यंबकाला खोटे बोलता आले नाही. "कुणालाच नको होता, आजी. एकाही गावाला."

येसाईने उघड्या भिंतींकडे पाहिले. मग फणसाच्या बुंध्याकडे पाहिले. "आमाला वाटलं, आठ गावं तहानलेली हाईत," ती म्हणाली. "आठ गावांच्या पाण्याआड बावीस घरं कशी यायची? म्हणून धाकू हो म्हणाला. मग ही घरं आमी कुणासाठी उसवली रं?"

त्र्यंबकापुढे कुणी पाण्याचा तांब्या ठेवला नाही, आणि त्याला मागायची हिंमत झाली नाही. 'त्यागाची उज्ज्वल भावना' हे आपले वळणदार अक्षर त्याला डोळ्यांसमोर दिसत होते, आणि त्याला स्वतःची शरम वाटत होती.

तिसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे परतला. सगळे सांगितले. काहीही लपवले नाही, पाटलांना प्रश्न विचारला हेही नाही. गुरुजींनी सूप पुढे ओढले नाही. कातळवाडीचे ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"सात छपरे, आणि तो फणस," ते म्हणाले. "तो माझ्याही माथी आहे. तू महिनाभर रेषा काढत बसलास आणि मी तुझी वाट पाहत बसलो. गुडघे दुखत होते ते निमित्त. मी बैठकीला यायला हवे होते."

गुरुजींना चूक कबूल करताना त्र्यंबकाने कधी ऐकले नव्हते. तो आणखीच गोंधळला. "पण गुरुजी, आपल्याला आधीच कसे कळले?"

"कळले नाही. शंका आली. नऊ घरच्या नऊ जावा एका भाजीवर एकमत होत नाहीत, आणि इथे नऊ गावे सकाळच्या सकाळी एकमत झाली. तुला वाटते तू नऊ गावांना विचारलेस. तू एका गावाला विचारलेस, आणि बाकी आठांनी त्याला मान दिला. तू मानाचे अंगठे घेऊन आलास."

"मग पुन्हा जाऊन नीट विचारायचे. दवंडी कशाला?"

"पुन्हा विचारले असते तर पुन्हा मानच मिळाला असता. देतो म्हटले की माणूस शोभेल ते बोलतो. पण खरोखर हवी असलेली वस्तू काढून घेतली की मानपान विसरून ओरडतो. नऊ गावांत कुणी ओरडले का?"

"कुणीच नाही. सगळे शेजाऱ्याची काळजी करत होते."

"मग तेच धर. या लोकांना स्वतःसाठी मागायची लाज वाटते. शेजाऱ्यासाठी बोलायची वाटत नाही. प्रत्येकाला शेजारच्या गावाबद्दल विचार."

त्र्यंबकाने खूप विचार केला. मग धीर करून म्हणाला, "क्षमा असावी, पण मला हे पटत नाही. शेजाऱ्याबद्दल तर सगळेच चुकले! हेदवणला वाटले करंजाळे तहानलेले, करंजाळ्याला वाटले हेदवण तहानलेले. त्याच चुकीने तर वाडी उसवली गेली."

गुरुजी प्रथमच हसले. "आता तू कामाचा झालास. ते चुकले, कारण त्यांनी शेजाऱ्याची इच्छा ओळखायचा प्रयत्न केला. इच्छा डोळ्यांना दिसत नाही. अडचण दिसते. शेजाऱ्याला काय हवे असेल, हे विचारू नकोस. त्या गावात गेलात तेव्हा काय पाहिलेत, एवढेच विचार."

त्र्यंबकाला हे अर्धेच समजले. अर्धे समजूनच तो दुसऱ्या बैठकीला गेला, आणि या वेळी गुरुजी डोलीत बसून बरोबर आले.

जाजम तेच, जागा त्याच. मानाचा क्रम त्र्यंबकाने मोडला नाही. फक्त म्हणाला, "प्रत्येक गावाने आपल्या पुढच्या मानाच्या गावाबद्दल सांगावे. तिथे गेल्यावर डोळ्यांनी पाहिलेले सांगावे. ऐकलेले नको, वाटलेले नको. आणि नवव्या गावाने पहिल्या गावाबद्दल सांगावे."

कुजबुज झाली. ही कसली रीत! पण राज्याचा माणूस, त्यात म्हातारे गुरुजी समोर बसलेले. रावजी पाटील उठले आणि करंजाळ्याबद्दल चाचरत बोलले. पाणवठ्याची तिसरी पायरी निखळली आहे, आपली सून तिथे दोनदा घसरली. करंजाळेकर चमकले, मग त्यांनी कबूल केले. करंजाळे पुढच्या गावाबद्दल बोलले. तिथल्या गुरांच्या वाटेवर दरड आली आहे. आता 'तेच आमचं' म्हणायची सोयच नव्हती, कारण प्रत्येकापुढे वेगळे गाव होते. बोलणे लांबले. दोन ठिकाणी चांगली हमरीतुमरी झाली, आणि गुरुजी ती कौतुकाने ऐकत राहिले. सूर्य माथ्यावर येऊन कलला. हेदवणचा म्हातारा कातळवाडीबद्दल एवढेच म्हणाला, "परवा म्या तिथं जाऊन आलो. सात घरं उघडी बघितली. त्येंस्नी काय देऊ नगा, पर त्येंच्याकडनं आता काय घिऊ नगा." आणि तो खाली बसून रडला.

शेवटी कातळवाडीची पाळी. धाकू उभा राहिला, पण थोरवडीची अडचण भर बैठकीत सांगायची म्हणजे त्याच्या जिवावर आले. तेव्हा जाजमाच्या पलीकडे बायांत बसलेली येसाई उठली.

"थोरवडीला सुईन न्हाई," ती म्हणाली. "सा वर्सं झाली. आदली गेली तवापासनं म्याच जाते. वढ्याला पानी चढलं की थोरवडीची पोरं मला खांद्यावर घिऊन उतरवत्यात. पर लईच पानी असलं तर अल्याड मी आन् पल्याड ती, नुसती बघत ऱ्हातो. दोन वर्सांमागं श्रावणात आशीच अल्याड उभी ऱ्हायले. सकाळपास्नं दुपारपतोर. पानी उतरलं तवा गेले. आई वाचली. लेकरू न्हाई वाचलं."

थोरवडीच्या माणसांनी माना खाली घातल्या. ते कुणाचे लेकरू, हे त्यांना ठाऊक होते. बाकीच्या गावांना ठाऊक नव्हते, कारण पहिल्या मानाच्या गावात सुईण नाही आणि ती जाजमाच्या काठावरच्या वाडीतून येते, ही गोष्ट थोरवडीने सहा वर्षे ओढ्याच्या अलीकडेच ठेवली होती.

रावजी पाटील उठले. देवळाच्या शिखरापर्यंत जाणारा त्यांचा आवाज समोरच्यालासुद्धा जेमतेम ऐकू आला. "माजी नात हुती ती," ते म्हणाले. "देवाची मर्जी म्हणून आमी गप बसलो. साकव मागाया पायजे हुता. दोन काठांवर चार लाकडं, एवढंच. पर थोरवडीच्या पाटलानं नऊ गावांम्होरं उठून साकव मागायचा, ही लाज वाटली मला. म्हणून तलाव मागितला. आन् तलावानं बुडवाया निघालो कुणाला, तर हिलाच."

येसाई घाबरली. "पाटील, म्या बोलाया नगं हुतं."

"तू बोललीस हे बरं केलंस," पाटील म्हणाले. "म्या इचाराया पायजे हुतं. सा वर्सं तू वढा उतरत हुतीस, मी तुला कंदी इचारलं न्हाई, म्हातारे, तुला काय तरास हुतो का."

त्र्यंबकाने लेखणी उचलली, पण लिहिले नाही. या वेळी घाई केली नाही. तो एकेका गावापुढे जाऊन बसला आणि विचारत गेला, ओढ्याचे पाणी चढलेले तुम्ही पाहिले आहे का, तुमचे कुणी तिथे अडकले होते का. कुणाची लेक थोरवडीला दिलेली होती, कुणाची गुरे पलीकडे अडकली होती, कुणाला खरेच काही अडचण नव्हती, आणि त्याने तसे मोकळेपणाने सांगितले. दिवस मावळायला आला तेव्हा नऊ गावांनी मिळून ठरवले. आधी साकव. दगडी पायांचा, दोन माणसे खांद्यावर ओझे घेऊन समोरासमोर आली तरी जाऊ शकतील एवढा रुंद. पायऱ्यांची आणि दरडीची कामे ज्याची त्याने शेजाऱ्याला हाताशी घेऊन करायची.

एवढ्या मोठ्या खोऱ्यातून एवढे लहान काम वर आलेले पाहून दिवाण हसले म्हणतात. हसोत बापडे, त्यांना कधी तो ओढा ओलांडावा लागला नव्हता.

साकवाचे दगड यायला अवकाश होता. त्या दिवसांत त्र्यंबक कातळवाडीला जाऊन राहिला. त्याला छप्पर शाकारता येत नव्हते. धाकूने त्याला गवताच्या पेंढ्या कशा बांधायच्या ते दाखवले, आणि पहिल्या दोन त्याच्या हातून सुटल्याच. फणसाविषयी वाडीत कुणी काही बोलत नसे. तो मात्र रोज त्या बुंध्याला वळसा घालून जाई. त्याच्यावर बसणे त्याला जमले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खालून एक माणूस चढण चढताना दिसला. डोक्यावर गवताचा भारा, इतका मोठा की तोंड दिसत नव्हते. धोतर कमरेपर्यंत भिजलेले. भारा अंगणात टाकला तेव्हा कळले, रावजी पाटील. थोरवडीच्या पाटलाने डोक्यावर भारा घेतलेला त्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. त्यांनी दम घेतला आणि विचारले, "शिडी कुठाय?"

येसाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

छपरावर बसलेल्या त्र्यंबकाने वरून हात दिला. पाटील शिडी चढले. दोघांनी मिळून पेंढी ताणून बांधली, आणि या वेळी ती सुटली नाही.

लोकांचे भले करायला निघालेल्याने एवढेच करावे: कुणाला काय हवे ते विचारण्याआधी, त्या माणसाने शेजाऱ्याला काय सोसताना पाहिले आहे ते विचारावे, आणि उत्तर ऐकायला दिवस मावळेपर्यंत बसावे.